परसातल्या खोलीचं नाव

नवसाबाईच्या परसात एक खोली आहे. विटांची, वर स्लॅब, बाहेरून निळा रंग आणि खिडकीला नक्षीची जाळी. त्या खोलीला काय म्हणायचं यावरून त्या घरात जेवढी भांडणं झाली, तेवढी जमिनीवरूनसुद्धा झाली नाहीत. धाकटा दीर कुंदन तिला आऊटहाऊस म्हणायचा. त्याची बायको सुवर्णा बंगली म्हणायची. सासू चंद्रभागाबाई ‘मागली’ म्हणून मोकळ्या व्हायच्या. नवसाबाईचा नवरा गोटीराम भांडणाला भिऊन नुसतं ‘तिकडं’ म्हणायचा. आणि नवसाबाई एकटी, आल्यागेल्यासमोर, चांगल्या खणखणीत आवाजात, ‘विटाळाची खोली’ म्हणायची.

हे सगळं मला ठाऊक, कारण माझ्या स्वयंपाकघराची खिडकी त्यांच्या परसात उघडते. मखमलाबाद रोडला गोटीरामनं मळ्याच्या कडेची पट्टी प्लॉट पाडून विकली, त्यातला एक आम्ही घेतला. ती खोली त्यांच्या घरापेक्षा माझ्या भिंतीलाच जवळ पडते. मी पंचवटीत शाळेत शिकवायचे. घरी सासूसासरे, नवरा, दोन मुलं, आणि या सगळ्यांना मिळून तीन खोल्या. ओट्यापाशी उभं राहून खिडकीबाहेर बघणं एवढीच माझी करमणूक होती आणि ती मी मनसोक्त केली. कुणाला भोचकपणा वाटला तर वाटो.

आम्ही राहायला आलो तेव्हा, म्हणजे नव्वदच्या आसपास, त्या जागी पक्की खोली नव्हती. पांढऱ्या मातीच्या भिंतींची, वर पत्रा टाकलेली एक खोपी होती. आत एक बाज, एक गोधडी, वेगळी ताटली, वेगळा तांब्या. घरातल्या बाईला कावळा शिवला की तिनं चार दिवस तिथं बसायचं. जेवण कुणीतरी दारात ठेवणार, पाणी वरून ओतणार, चौथ्या दिवशी डोक्यावरून अंघोळ केली की परत घरात. मी शिकलेली बाई. पहिल्यांदा हे पाहिलं तेव्हा माझं डोकंच फिरलं. एकदा भिंतीशी जाऊन नवसाबाईला म्हटलंसुद्धा, “अहो, असं गुरासारखं बाहेर बसवतात आणि तुम्ही बसता? सासूबाईंशी मी बोलू का?”

बाजेवर आडवी पडलेली नवसाबाई ताडकन उठून बसली. “बाई, तुमचं शहाणपण तुमच्या शाळेत ठेवा. मह्या सासूशी एक शब्द बोलला ना, तर तुमच्या दारात पाय ठेवणार नाय.”

मला वाटलं, बिचारी घाबरली. कसली घाबरते! तिचा उरलेला महिना पाहिल्यावर मला उलगडा झाला.

हे माळ्याचं घर. झेंडू, शेवंती, गलांडा, थोडा निशिगंध. उजाडायच्या आत नवसाबाई कंबरेला ओटी बांधून वाफ्यात. फुलं तोडायची, निवडायची, पाट्या भरायच्या, टेम्पोत चढवून फुलबाजारात रवाना करायच्या. मग गाईची धार, सगळ्यांच्या भाकरी, धुणं, निंदणी, दुपारी ओट्यावर बसून गजरे, संध्याकाळी परत चूल. तिच्या नावाचा त्या घरात दिवसभर जप चालायचा. नवसा, चहा. नवसा, सुई कुठं गेली. आई, माझा सदरा. अगं, टेम्पोवाला आला. एका ठिकाणी पाठ टेकून बसलेली ती मला कधी दिसली नाही. अपवाद फक्त त्या चार दिवसांचा.

कारण त्यांची फुलं देवाला जायची. विटाळशी बाई शेवंतीच्या वाफ्यात गेली तर शेवंती करपते, अशी त्यांच्यात पक्की समजूत. त्यामुळे चार दिवस नवसाबाईला फूल नाही, चूल नाही, गाय नाही, आणि शिवायचंच नाही म्हटल्यावर कुणी हाकसुद्धा मारत नसे. ती बाजेवर पडून शेवग्याच्या फांद्या बघायची. दुपारी घोरायची. कधी पाय हलवत काहीतरी गुणगुणायची. सासू भाकरी ठेवून गेली की सावकाश, एकेक घास चावून खायची. बाकीचे सव्वीस दिवस ती उभ्यानं जेवायची.

आणि मी? मी त्याच चार दिवसांत पोटात कळा मारत असताना सहा माणसांचा स्वयंपाक करून सिटीबसला लोंबकळत शाळेत जायचे. आमच्याकडे कुणी पाळत नव्हतं ना! आम्ही सुधारलेले. भाजी फोडणीला टाकता टाकता खिडकीतून बाजेवरची नवसाबाई दिसली की माझा जळफळाट व्हायचा. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही, पण खरं आहे ते आहे.

त्र्याण्णव साली कुंदनचं लग्न झालं आणि सुवर्णा आली. कुंदन गोटीरामपेक्षा बराच लहान, सातपूरला कारखान्यात कामाला, शिफ्ट करणारा, मोटारसायकलवाला. सुवर्णा पिंपळगाव बसवंतची, बारावी झालेली, गोरीपान, नखांना रंग लावणारी. नवसाबाईनं तिचं सगळं सोसलं. कुंदन तिला पिक्चरला न्यायचा, तेही सोसलं. सासूनं तिला जड काम सांगितलं नाही, तेही. पण सुवर्णाला पहिल्यांदा कावळा शिवला आणि ती उशी घेऊन खोपीत जाऊन बसली, तेव्हा नवसाबाईचा चेहरा मी पाहिला. आपल्या ताटात कुणी हात घातल्यावर माणसाचा होतो तसा झाला होता.

पुढे पुढे तर दोघींचे दिवस एकत्र यायला लागले. खोपी एक, बाज एक, जावा दोन. नवसाबाई बाजेवर, सुवर्णा खाली गोधडीवर. एक अक्षर बोलायच्या नाहीत. सुवर्णा डास मारत रडायची, कारण तिला ते सगळं नरकासारखं वाटायचं. उन्हाळ्यात पत्रा तापायचा, पावसात गळायचा. घरात चंद्रभागाबाई एकट्यानं भाकरी थापताना दोन्ही सुनांना शिव्या मोजायच्या. नवसाबाई पाठ करून पडून असायची. मला म्हणाली होती, “रडतेय ती. जिथं आपण हसायचं तिथं ही रडतेय. मग येते कशाला? घरात बस म्हणावं.”

सुवर्णा शेवटी नवऱ्यापाशी हटून बसली, की मी माहेरी जाईन पण त्या खुराड्यात बसणार नाही. आणि तिचं बरोबरच होतं, मी आजही तेच म्हणेन. कुंदननं बोनस आला तशी खोपी पाडली आणि त्या जागी ही पक्की खोली बांधली. फरशी, पंखा, ट्यूबलाइट, पलंग, टीव्ही. गंगापूर रोडला त्याच्या साहेबाच्या बंगल्यामागं असंच एक आऊटहाऊस होतं म्हणे. त्यात साहेबाचा ड्रायव्हर राहायचा. पण कुंदनला शब्द आवडला होता, आणि साहेबाच्या आवारातली कुठलीही गोष्ट त्याला भारीच वाटायची.

खोली झाली आणि बाहेर बसणं बंद झालं. चंद्रभागाबाईंनी कशी काय परवानगी दिली याचं सगळ्यांना नवल वाटलं. पण मळ्यात बायका मजुरीला मिळेनाशा झाल्या होत्या. दोन दोन सुना एकदम चार दिवस बसून राहिल्या तर फुलं कोण तोडणार? म्हातारी म्हणाली, “देवाला शिवू नका. बाकी कामं करा.” शेवंतीचं काय, तर कुंदननं त्यावरही तोड काढली. कंपनीतून रबरी हातमोजे आणले. मोजे घातले की विटाळ फुलांना लागत नाही, असं त्यानंच ठरवलं आणि त्यानंच सगळ्यांना पटवलं. मग त्या दिवसांत नवसाबाई पोटऱ्यांपर्यंतच्या दंवात उभी राहून नारिंगी मोजे घालून झेंडू तोडायला लागली. सुवर्णाला मोजे घालायची वेळ फारशी आली नाही. ती तेव्हा पोटुशी होती, पुढे पोर लहान होतं, आणि नंतर तिनं खोलीत गजऱ्यांच्या ऑर्डरी घ्यायला सुरुवात केली, बसून.

सगळ्या गल्लीनं कुंदनचं कौतुक केलं. मीसुद्धा शाळेत चार जणींना सांगितलं की बघा, माळ्याच्या घरात सुधारणा झाली. आणि त्याच दिवशी संध्याकाळी नवसाबाईनं परसात उभं राहून कुंदनला पहिल्यांदा विचारलं, “काय भाऊजी, विटाळाच्या खोलीचा रंग वाळला का?”

“वहिनी, आऊटहाऊस म्हणा. आता तसलं काय राहिलं नाय.”

“जागा तीच हे ना? मग नाव बी तेच.”

तिथून सुरू झालं. पोस्टमन आला, ‘पत्र विटाळाच्या खोलीत द्या.’ लाइटवाला आला, ‘दुसरा मीटर विटाळाच्या खोलीचा.’ सुवर्णाचा भाऊ पिंपळगावहून द्राक्षाची पेटी घेऊन आला, तर त्यालासुद्धा तेच. बिचारा पेटी हातात धरून अंगणातच उभा राहिला. सुवर्णा लाजेनं अर्धी व्हायची. कुंदननं फरशीवर ‘बंगली’ कोरून आणून दारावर बसवली, तर नवसाबाई म्हणाली, “गाढवाला घोडा म्हटल्यानं कुणी त्याला टांग्याला जुंपत नसतं.” गोटीराम बायकोला समजवायला गेला. तिनं त्याच्याकडे असं पाहिलं की तो विहिरीकडे निघून गेला.

खोलीच्या दिव्यावरून, पंख्यावरून, पडद्यावरून ती जळायची. सकाळी पाटी डोक्यावर घेऊन जाताना बंद दाराकडे बघायची आणि खाकरायची, मोठ्यानं, आतल्यांची झोप मोडावी म्हणून. दुपारी सुवर्णा पंख्याखाली झोपली की नवसाबाईला नेमकी त्याच भिंतीला गोवऱ्या थापायची हुक्की यायची. निळ्या रंगावर शेणाचे गोळे. सुवर्णा ते खरवडायची, ही दुसऱ्या दिवशी परत थापायची.

मग संक्रांत आली. सुवर्णानं नव्या खोलीत हळदीकुंकू ठेवलं. स्टीलच्या डब्या वाण म्हणून आणल्या, काळी साडी नेसली, तिळाच्या वड्या केल्या, मळ्यातल्या आणि गल्लीतल्या बायकांना घरोघर जाऊन सांगून आली. मला शाळेतून यायला उशीर झाला. आले तर बायका आमच्या गल्लीतून परत चाललेल्या, तोंडाला पदर लावून कुजबुजत. मला काही कळेना. पुढे गेले तर नवसाबाई ओट्यावर गजरे ओवत बसलेली, आणि येणाऱ्या प्रत्येकीला शांतपणे सांगतेय, “सुवर्णा ना? ती मागं विटाळाच्या खोलीत बसलीय.”

आता तुम्हीच सांगा, विटाळशीच्या हातचं कुंकू कुठली बाई लावून घेईल? त्यातून त्या जुन्या वळणाच्या. एकेक उंबऱ्यावरूनच मागं फिरत होती. मी तरातरा मागं गेले. सुवर्णा पलंगावर बसली होती, समोर डब्यांची उतरंड तशीच, समईतलं तेल संपत आलेलं. तिला वाटत होतं की आपल्याला कुणी मानत नाही म्हणून कुणी आलं नाही. मी खरं काय ते सांगितलं. ती तशीच उठून अंगणात गेली.

“ताई, मी तुमचं काय वाकडं केलं?”

“काय बी नाय.”

“मग माझ्या बायका का परत घालवल्या?”

“मी कशाला घालवू? खोलीचं नाव सांगितलं. पळाल्या त्या.”

सुवर्णा तिथंच मटकन बसून हमसून हमसून रडली. कुंदन दुसऱ्या पाळीहून आल्यावर दोघा भावांची चांगलीच जुंपली. चंद्रभागाबाई मात्र सुईत दोरा ओवत राहिल्या. मोठ्या सुनेला त्या एक शब्द बोलल्या नाहीत, याचाच सुवर्णाला जास्त राग आला.

मीही नवसाबाईवर भडकले होते. दुसऱ्या दिवशी भिंतीशी गाठून तिला फैलावर घेतलं. “लाज नाही वाटत? लेकीच्या वयाची आहे ती. खोली तुम्हाला हवी होती तर नवऱ्याला सांगायचं, तुम्हालाही बांधली असती.”

“मला खोली नाय पाहिजे, बाई.” ती पाटी खाली ठेवून म्हणाली. “मह्याकडं सगळं घर हे. चार खोल्या हे. पण त्या चार खोल्यांत एक जागा नाय जिथं मला कुणी हाक मारणार नाय. महिन्यातनं चार दिवस मी कुणाची कुणी नव्हते. ना बायको, ना आई, ना सून. नुसती पडलेली. ते हिनं रडून रडून बंद पाडलं, आणि वर तीच आता तिथं तीस दिवस पडती. मला बघवत नाय. जळतं माझं. तुम्ही काय म्हणायचं ते म्हणा.”

मी जळण्याच्या बाबतीत तिची मोठी बहीणच होते. पण सुवर्णाचं रडणंही मी पाहिलं होतं. मी घरात आले आणि विषय वाढवला नाही.

वर्षं अशीच गेली. खोलीच्या नावाचा वाद काही मिटला नाही, नुसता जुना झाला. नवसाबाईची पाळी गेली. बायका म्हणतात तसं सगळ्यांनी तिला म्हटलं, सुटलीस गं बाई. सुवर्णानंही म्हटलं. नवसाबाई मला म्हणाली, “सुटले कसली! आता तर बांधलीच गेले. आधी निदान आशा होती, की म्हातारी कधीतरी परत बाहेर बसवील.” हे बोलताना ती हसत नव्हती.

सिंहस्थाचं वर्ष उजाडलं आणि फुलांना कधी नव्हे तशी मागणी आली. गंगेवर साधूंची गर्दी, आखाड्यांची, यात्रेकरूंची. श्रावणापासून मळ्यात कुणाला उसंत नव्हती. नवसाबाई पन्नाशी ओलांडलेली, पायाला सूज, तरी पहाटेपासून वाफ्यात. पर्वण्या संपल्या, तर गणपती. गणपती झाले, तर नवरात्र. आणि मग दसरा. माळ्याच्या घराचा सगळा झेंडू दसऱ्यासाठी राखलेला असतो. त्या दोन दिवसांत तोडला नाही तर नंतर त्याला कुत्रं विचारत नाही.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी शाळेला सुट्टी होती. सकाळी मी दूध तापवत होते. परसात सगळं घर जमलं होतं. पाट्या, गोणपाटं, टेम्पो दारात, कुंदननं रजा टाकलेली, सुवर्णासुद्धा डोक्याला रुमाल बांधून तयार. गोटीराम म्हणाला, “नवसे, चल, तू पुढं हो.”

नवसाबाई मागच्या दारात आली, आणि तिथंच दोन्ही हात मागं घेऊन उभी राहिली.

“मला शिवू नका,” ती म्हणाली. “मी बाहेरची झाले.”

माझं दूध उतू गेलं, मी गॅससुद्धा बंद केला नाही.

गोटीराम बायकोकडं, मग आईकडं, मग टेम्पोकडं बघत राहिला. पुरुषमाणूस या विषयावर बोलणार काय? कुंदन पुढं झाला. “वहिनी, आज चेष्टा करू नका. आणि झाली असली तरी मोजे हेत ना.”

“मोजे तू घाल,” चंद्रभागाबाई ओट्यावरून म्हणाल्या.

सुवर्णाला राहवलं नाही. “आत्याबाई, अहो खोटं बोलतायत त्या! ताईंचं कधीच बंद झालंय. त्यांनीच मला सांगितलं होतं, या बाईंनाही विचारा.” तिनं थेट माझ्या खिडकीकडं बोट केलं. मी पटकन खाली वाकून सांडलेलं दूध पुसायला लागले.

नवसाबाई सासूकडं बघत होती. एवढ्या वर्षांत मी तिला कुणासमोर घाबरलेलं पाहिलं नव्हतं, त्या वेळी पाहिलं. म्हातारीनं एक शब्द उलटा काढला असता तर तिला मुकाट्यानं पाटी उचलावी लागली असती, आणि वर जन्मभर हसं झालं असतं.

चंद्रभागाबाईंनी ओवत आणलेला हार बाजूला ठेवला. वय पंच्याहत्तरीचं, डोळे अधू, पण आवाज तसाच करडा.

“सुवर्णे, विटाळ काय तुला विचारून येतो का? बसू दे तिला. जा, तुझं अंथरूण काढ तिथनं.”

“म्हणजे मी माझी बंगली सोडू? आजच्या दिवशी?”

“चार दिस.”

“आई, ते आऊटहाऊस आहे,” कुंदन रडकुंडीला येऊन म्हणाला. “ते काही यासाठी बांधलेलं—”

“तुम्ही त्याला काय म्हणायचं ते म्हणा. बंगली म्हणा, राजवाडा म्हणा. महिन्याचे चार दिस ती रिकामी करायची, आणि ही तिथं बसंल. आता बोलत बसू नका, ऊन चढतंय. मी येते झेंडू तोडायला.” आणि म्हातारी खरंच काठी टेकत उठली.

सुवर्णा पाय आपटत गेली आणि उशी, चादर, पोराचं दप्तर काखोटीला मारून घरात आली. नवसाबाईला वळसा घालून जाताना म्हणाली, “मजा आहे बाई एकेकीची.” तो स्वर माझ्या चांगल्या ओळखीचा होता. इतकी वर्षं तो परसाच्या एका बाजूनं ऐकू यायचा, आता दुसऱ्या बाजूनं येत होता.

नवसाबाई परसातून चालत गेली. खोलीत शिरली आणि दार लोटून घेतलं. सगळं घर मळ्यात राबत होतं, टेम्पोच्या खेपा चालल्या होत्या, गोटीरामनं गल्लीतल्या रिकामटेकड्या पोरांनासुद्धा मजुरीला ओढून नेलं. खोलीतून पंख्याचा आवाज तेवढा येत होता.

दुपारी बाराच्या उन्हात चंद्रभागाबाई मळ्यातून परत आल्या. अंगभर झेंडूच्या पाकळ्या चिकटलेल्या. त्यांनी स्वतः भाकरी थापल्या, ताटलीत भाकरी, पिठलं, कांदा घेतला आणि काठी टेकत परसात आल्या. रिवाजाप्रमाणं ताटली दाराबाहेर ठेवली, चार हात मागं सरल्या आणि शेवग्याखालच्या दगडावर बसल्या. मी खिडकीत होते. खोटं कशाला बोलू, सकाळपासून तिथंच होते.

नवसाबाईनं दार उघडलं. झोपेनं चेहरा सुजलेला, केस मोकळे. ताटली घेऊन उंबऱ्याच्या आत बसली. सासू बघतेय म्हणून तिला घास उतरेना.

“आत्याबाई,” ती खाली मान घालून म्हणाली, “तुम्हाला ठाऊक हे ना?”

“काय?”

“की मला काय बी झालं नाय.”

“ठाऊक हे की. माझं बी पंचेचाळिशीलाच गेलं होतं.” म्हातारीनं पदरानं मान पुसली. “साठीपर्यंत बसले मी.”

नवसाबाईचा हात ताटलीतच थांबला. ती सासूकडं बघायला लागली. मी मनात हिशेब करायच्या आधी तिनं केला होता. म्हातारी पंचेचाळीस ते साठ, म्हणजे नवसाबाईची विशी आणि तिशी. नवीन सून, कडेवर पोर, कुंदनसुद्धा शेंबडा, आणि दर महिन्याला चार दिवस सगळ्या मळ्याचं, सगळ्या चुलीचं ती एकटी बघायची. म्हातारी खोपीत बाजेवर पडलेली असायची तेव्हा.

“पंधरा वर्षं?” नवसाबाईचा आवाज चढला. “पंधरा वर्षं तुम्ही इथं पडून ऱ्हायल्या, आणि मी तिकडं मरत होते? चुलीपुढं? पोट पुढं आलेलं असताना शेवंती तोडली मी, आत्याबाई! मी तुम्हाला भाकर आणून द्यायची. मला वाटायचं, म्हातारीला किती त्रास होतो बिचारीला.”

“हा. तू लय चांगली आणायचीस. गरम.”

“आणि मी वर पाणी ओतायची हातावर!”

“मग कुणीतरी करायलाच लागतं ना, नवसा,” चंद्रभागाबाई म्हणाल्या. “आज मी केलं.”

नवसाबाई ताटली घेऊनच दारात उभी राहिली. मला वाटलं, आता ताटली भिरकावते. म्हातारी काठीवर जोर देऊन उठली, गुडघे धरून क्षणभर तशीच वाकून राहिली, आणि मळ्याकडं निघाली. अजून अर्धा झेंडू उभा होता.

“जेव आता,” जाता जाता ती म्हणाली. “भाकर गार होतीय.”